खोटी हाक

दोघींनी बिबट्याला पाहिलं होतं, यात शंकेला जागा नव्हती. किंदळाच्या आडव्या फांदीवर बसलेल्या त्या दोन वानरमाद्यांनी एकदमच माना वळवल्या, खाली टक लावून पाहिलं आणि जराही आवाज न करता त्या झपाझप शेंड्याकडे निघून गेल्या. झाडापासून जवळच कळपातली बाकीची मंडळी जमिनीवर पडलेली फुलं वेचून खात होती. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. बिबट्या कारवीच्या आडून आला, एक अर्धवट वाढलेलं पोर मानेला धरून उचललं आणि आला तसा निघून गेला.

नीरजाने चित्रण पुन्हा लावलं. मग आवाज पूर्ण वाढवून आणखी एकदा. पाचोळा चाळवल्याचा आवाज होता, कुठेतरी तांबट पक्षी टुकटुक करत होता, पोराचा एक आखूड चीत्कार होता. वानरांचा तो खर्र-खक् असा खाकरल्यासारखा इशारा मात्र कुठेच नव्हता. जो ऐकण्यात तिने उमेदीची सहा वर्षं घालवली होती, तो इशाराच नव्हता.

वानराने बिबट्या पाहावा आणि ओरडू नये, हे तिच्या लेखी अशक्य होतं. आई पोराला विस्तवाकडे जाताना बघून गप्प बसेल, तसं.

नीरजा मूळची नाशिकची. संशोधनासाठी दोडामार्ग तालुक्यातल्या या किंदळवाडीत आली, तेव्हा तिच्या पाठीवर एक पिशवी आणि हातात मायक्रोफोन एवढंच सामान होतं. सह्याद्रीच्या या दाट, सदाहरित जंगलात दहा-वीस हातांपलीकडचं दिसत नाही. म्हणून इथला प्रत्येक जीव दुसऱ्याच्या डोळ्यांवर आणि आपल्या कानांवर जगतो. वानर उंचावरून बिबट्याला बघतं आणि ओरडतं. ते ओरडतं आपल्या कळपासाठी, पण खाली चरणारं भेकर ते ऐकतं आणि भुंकायला लागतं. भेकराचं ऐकून सांबर पाय आपटतं, शेकरू शेपूट झटकून कर्र करतं, रानकोंबडे कलकलाट करतात. बिबट्या ओढ्याकाठाने चालत असेल, तर त्याची बातमी त्याच्या पुढे पुढे चालत असते. माणसंही ती बातमी ऐकत. किंदळवाडीत बिबट्याला सरसकट वाघच म्हणत, आणि वानर ओरडलं की फाटी गोळा करणाऱ्या बायका भारा तिथेच टाकून मागे फिरत. त्यासाठी कुणाला काही शिकावं लागलं नव्हतं.

या साऱ्यात नीरजाचा सगळ्यात आवडता होता भृंगराज. लांब शेपटीचा, काळा, नकलाकार पक्षी. सातभाईंनी पाचोळ्यातून किडा उकरून काढला, की हा ससाण्याची हाक देई. सातभाई घाबरून उडत आणि किडा याच्या पदरात पडे. पण ही लबाडी तो क्वचितच करी. एरवी तो खराखुरा पहारेकरी असे. उठसूट खोटं बोलला तर त्याचं कुणी ऐकणार नाही, हे त्याला कळत होतं की नाही, कोण जाणे. पण वागणं तसं होतं. नीरजाच्या प्रबंधातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण हेच होतं. खोटी हाक चालते, ती खऱ्या हाकांची संख्या मोठी असते म्हणून.

सिद्धेश गवस तिला इथेच भेटला. शेतकीचं शिक्षण घेऊन गावी परतलेला, वडिलांच्या काजूबागा सांभाळणारा, मोजकं बोलणारा. लग्न झालं तेव्हा नीरजाच्या आईने फोनवर विचारलं होतं, "जंगलाशी लग्न करतेस की माणसाशी?" नीरजाने हसून विषय बदलला होता.

ती वर्षं वाईट होती. वरच्या जंगलात खायला कमी झालं तसे गवे, वानरं, डुकरं बागांत उतरत. कलमं मोडत, बोंडं ओरबाडून टाकत. लोकांनी कुंपणात वीज सोडली. कुणी गुळाच्या गोळ्यात सुरुंगाची दारू भरून ठेवू लागलं. एकदा ओढ्यापाशी जबडा फुटलेली गव्याची गाय उभी दिसली. पाण्यात तोंड घालायची आणि पिता येत नाही म्हणून वर काढायची. नीरजा घरी आली आणि दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने कामाला सुरुवात केली.

आवाजाने जनावर हाकलायचं, ही कल्पना जुनीच. पण ध्वनिमुद्रित आवाज जनावरं पंधरवड्यात ओळखतात. तोच आवाज, त्याच जागी, तसाच. माणूस टेपरेकॉर्डरला घाबरत नाही, तशी तीही घाबरत नाहीत. नीरजाने आपल्या हजारो ध्वनिमुद्रणांवर एक यंत्र शिकवून तयार केलं. ते जुना आवाज वाजवत नसे, दर वेळी नवा घडवत असे. आज एखादी म्हातारी वानरमादी ओरडे, उद्या एखादा तरणा नर; धोका जवळ असेल तर घाईचा स्वर, लांब असेल तर नुसती शंका. त्या हाकेला दुसऱ्या खांबावरचा कर्णा भेकराच्या आवाजात उत्तर देई. झाडावर बसवलेला डोळा जनावर ओळखी, वारा कुठून वाहतो ते बघे आणि मग बोले. सिद्धेशने त्याला नाव दिलं हाकारा. पूर्वी शिकारीत माणसं ओरडून जनावरं उठवत, तो हाकारा. फरक इतकाच, की याच्या दुसऱ्या टोकाला बंदूक नव्हती.

हाकारा चालला. पहिल्याच हंगामात गवे मागे वळले, कुंपणातली वीज बंद झाली. वनखात्याने पाठ थोपटली, बागायतदारांच्या संघाने गावोगाव खांब रोवले, सिद्धेश संघाचा अध्यक्ष झाला. नीरजाने एकच अट घातली होती. जनावर हद्दीत पाऊल टाकताना दिसलं तरच हाक, आणि तीही दिवसाकाठी दोन-तीनदाच. भृंगराजाचा नियम. तो तिने यंत्रातच घालून ठेवला होता.

चौथा हंगाम चालू होता, आणि तिच्यासमोर ही दोन मुकी वानरं होती.

सिद्धेश अंगणात काजू पसरत होता. ती पायरीवर येऊन उभी राहिली.

"वरच्या बागेतला कॅमेरा मला उघडत नाही. पासवर्ड बदललाय का कुणी?"

"संघाच्या पोरांनी बदलला असेल. बघतो." त्याने मान वर केली नाही.

"मीच जाऊन येते वर."

"आज नको. सकाळीच वाघ दिसलाय तिथे."

या महिन्यात हे तो तिसऱ्यांदा सांगत होता. आधीच्या दोन्ही वेळा नीरजा थांबली होती. बिबट्या हा काही थट्टेचा विषय नव्हे, आणि सिद्धेश खोटं बोलणारा माणूस नव्हे.

ती वर गेली नाही. ओढा ओलांडून समोरच्या टेकाडावर गेली. तिथून वरची बाग दिसत नव्हती, पण ऐकू येत होती. नीरजा एका दगडावर बसली आणि कान देऊन ऐकू लागली. बाग ओरडत होती. एक हाक संपते न संपते तोच दुसरी. नर, मादी, भेकर, सांबर. सगळे तिने घडवलेले आवाज, आईला आपलं पोर गर्दीत ओळखू यावं तसे तिला ओळखू येणारे. खिंडीपलीकडून, शेजारच्या हरडखोल गावच्या बागांतूनही, वाऱ्याबरोबर तोच गलका येत होता. दुपार कलेपर्यंत ती तिथे बसून राहिली. मधूनच एक भेकर झुडपातून बाहेर आलं, ओढ्याकाठच्या कर्ण्याच्या अगदी खाली येऊन थांबलं आणि मान खाली घालून चरायला लागलं. डोक्यावर त्याच्याच जातीचा आवाज मरणाच्या भीतीने भुंकत होता. त्याने कानही हलवला नाही.

जनावरं यंत्राला ओळखू लागली, एवढंच असतं तर चिंता नव्हती. बुजगावण्यावरून विश्वास उडाला तर बुजगावणं फुकट जातं, बाकी जग जागच्या जागी राहतं. पण तिचं यंत्र बुजगावण्यासारखं नव्हतंच. ते इतकं हुबेहूब बोलत होतं, की खरं कोण आणि खोटं कोण हे जनावरांना निवडता येईना. तेव्हा त्यांनी एकच गोष्ट केली. हाकेचं ऐकणंच सोडलं. आणि ऐकणारं कुणी नाही म्हटल्यावर ओरडणाऱ्यांनी ओरडणं सोडलं. हजारो वर्षं या जंगलात फिरणारी बातमी चार वर्षांत बंद पडली होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात सिद्धेशची थोरली बहीण शुभाताई सोलकढीला नारळ खवत होती. नवरा गेल्यापासून ती माहेरीच राहत होती, आणि घरातले वाद तिच्यासमोर होत नसत. त्या दिवशी झाला.

"मर्यादा कुणी काढली?" नीरजाने विचारलं.

सिद्धेश पाणी पीत होता. त्याने भांडं खाली ठेवलं. "हरडखोलवाल्यांनी आधी काढली. त्यांच्याकडची जनावरं आपल्याकडे यायला लागली. मग आपण वाढवलं. मग त्यांनी आणखी. मी एकट्याने नियम पाळून सगळ्या गावाची बाग खायला घालू?"

"मला सांगायचंस."

"तू बंद कर म्हणाली असतीस."

"म्हणून वाघ दिसलाय म्हणून सांगितलंस. तीन वेळा."

शुभाताईची खवणी थांबली होती.

"नीरजा, वर्षभराचं पीक आहे," तो शेवटी म्हणाला. "हंगाम संपू दे. मग तुझ्या मनासारखं करू."

रात्री दोघं एकमेकांकडे पाठ करून झोपले. वाद आधीही झाले होते. पण आता तो साधं 'दूध आलंय' म्हणाला असता तरी नीरजाला उठून बघावंसं वाटलं असतं, आणि त्याची तिला भीती वाटली.

सकाळी सिद्धेश संघाच्या कामाला दोडामार्गला गेला. नीरजाने पक्कड आणि नटबोल्टचे पाने पिशवीत टाकले. वरच्या बागेतले खांब उपटायचे नव्हते, नुसत्या बॅटऱ्या काढायच्या होत्या. शुभाताई टोपली घेऊन मागोमाग निघाली.

"मी पण येतंय गो. बोंडां पडली आसतली थंय."

अर्ध्या चढावर नीरजाचा फोन वाजला.

"खंय आसस?" सिद्धेशने विचारलं.

"वर चाललेय. बॅटऱ्या काढायला."

"थंय जाव नको. वयल्या बागेत वाघीण आसा, पिलां घेवन. गवताच्या गंजीपाशी. माझ्या फोनार फोटो इलो आता."

"गेल्या तीनही वेळा होताच की तुझा वाघ."

"ही खरी आसा गो. ऐक माझा."

"मग पाठव फोटो."

"पाठवतंय. रेंज नाय हय, फोटो जाता जाता थांबता..."

तिने फोन बंद केला. पुढे कितीतरी महिने हे बोलणं तिच्या कानात वाजत राहणार होतं, आणि दर वेळी एकच गोष्ट तिला खुपणार होती. सिद्धेश तिच्याशी नेहमी पुस्तकी मराठीत बोलायचा. मालवणीत यायचा तो फक्त घाबरला की. तीन वेळा त्याने तिला वाघ सांगितला होता तो पुस्तकी मराठीत. तिच्यासारख्या, आवाजातला काटाभर फरक ओळखणाऱ्या बाईच्या हे लक्षात आलं नाही. कारण ती ऐकतच नव्हती.

"काय म्हणता तो?" शुभाताईने विचारलं.

"वाघ आहे म्हणतो."

शुभाताईने वर बघितलं. बागेच्या कडेच्या झाडांवर वानरं निवांत बसली होती. "वाघ आसतो तर वांदर असे बसले असते? चल."

बागेत हाकारा गर्जत होता. त्या गोंधळात दोघींना एकमेकींचं बोलणंही नीट ऐकू येईना. नीरजा पहिल्या खांबापाशी थांबली. शुभाताई बोंडं वेचत वेचत पुढे, गवताच्या गंजीकडे गेली. तिच्यापासून हातभर अंतरावर गंजीतून काहीतरी पिवळं उसळलं.

नीरजाने पाना फेकला, दगड फेकले, घसा फुटेस्तोवर ओरडली. आजूबाजूच्या आवाजांत तिचाही एक आवाज मिसळला. मादीने एकदाच तिच्याकडे पाहिलं, शुभाताईचा हात सोडला आणि गंजीमागे गेली. तिला माणूस नकोच होता, तिची पिल्लं होती. ज्या बागेत दिवसभर बिबट्याच्या नावाने ओरडा चालतो, तिथे खऱ्या बिबट्याची चाहूल कुणी कुणाला देणार? पिल्लं लपवायला साऱ्या डोंगरात तिला याहून चांगली जागा मिळाली नसती.

शुभाताई वाचली. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात तिच्यावर चार शस्त्रक्रिया झाल्या. उजवा हात कोपराखाली गेल्यातच जमा होता. बोटं होती, पण ती तिची ऐकत नव्हती.

इस्पितळाच्या पायऱ्यांवर सिद्धेश आणि नीरजा शेजारी शेजारी बसले होते.

"मी ऐकायला हवं होतं," नीरजा म्हणाली.

"कशाच्या जोरावर ऐकणार होतीस?" तो म्हणाला. "तुला खरं वाटावं अशी सोयच मी ठेवली नव्हती."

तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. तिने ठेवलाही. पण आपण हे मनापासून करतोय की त्याला बरं वाटावं म्हणून, ते तिचं तिलाच कळेना.

बागायतदारांच्या सभेत नीरजाने सगळं मांडलं. आलेख दाखवले, चित्रणं दाखवली. लोक चुळबुळत होते. कुणी मागून म्हणालं, हिनेच बसवली आणि आता हीच काढा म्हणते. तेवढ्यात शुभाताई आली आणि पहिल्या रांगेत बसली. तिचा हात गळ्यातल्या पट्टीत होता. मतदान झालं आणि किंदळवाडीचे सगळे कर्णे बंद करायचं ठरलं.

घरी जाताना शुभाताई म्हणाली, "माझो हात गेलो, तेवा लोकांनी तुझा ऐकला." बोलण्यात राग नव्हता. त्यामुळे नीरजाला ते जास्त लागलं.

हरडखोलने मात्र नकार दिला. तिथला बाबी नाईक सिद्धेशच्या वर्गातला, मनाने चांगला माणूस. त्याने चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमचो वाघ अजून कोणाक लागूक नाय, सिद्धेशा. तू बंद केलंस, तुझी मर्जी. आमका नुकसान कोण भरून देतलो?"

पुढची दोन वर्षं किंदळवाडीने सोसली. हरडखोलच्या गोंगाटाला कंटाळलेले गवे इकडे शांततेत उतरत. निम्मी कलमं मोडली. रखवालीला पाळलेली कुत्री एकामागून एक नाहीशी झाली. सिद्धेशने वरची बाग सोडून दिली. तिथे आता रानमोडी आणि कुंभ्याची रोपं वाढत होती. लोक नीरजाला तोंडावर काही बोलत नसत, पण वाटेत भेटल्या तर बायका तिच्याकडे न बघता पदर सावरत पुढे जात.

आणि जंगल बोलत नव्हतं. खांबांवरचे मायक्रोफोन आता फक्त ऐकत. नीरजा रोज ते आवाज तपासायची. बिबट्या कॅमेऱ्यात यायचा आणि मागे शांतता. तिला वाटलं होतं, खोटं थांबलं की खरं आपोआप परत येईल. पण कळपातली निम्मी वानरं हाकाऱ्याच्या वर्षांत जन्मलेली होती. त्यांच्या लेखी ती हाक म्हणजे वाऱ्यासारखा एक आवाज. तिचा अर्थ त्यांना कुणी शिकवलाच नव्हता. हाक कानावर पडावी आणि पाठोपाठ बिबट्या दिसावा, न ऐकणारा डोळ्यांदेखत मरावा, असं पुन्हा पुन्हा घडल्याखेरीज तो अर्थ परत येणार नव्हता. कुठल्याशा म्हाताऱ्या मादीने कधीतरी, सवयीने, एकदा खाकरावं आणि त्याच वेळी खाली एखादं पोर जावं, याची आपण वाट बघतोय, हे एका सकाळी तिच्या लक्षात आलं. ती मशीन बंद करून उठली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली.

पहिली हाक ऐकू आली ती दुसरा पावसाळा उलटल्यावर. एकच, आणि कुणी हललं नाही. एक पोर गेलं. दुसरी दिवाळीनंतर. त्या वेळी तिघं झाडावर चढली. नीरजा रडली, आणि कशासाठी ते सिद्धेशने विचारलं नाही.

कर्णे बंद केल्यापासूनच्या तिसऱ्या हंगामात, फाल्गुनातल्या एका सकाळी, दोघं सोडून दिलेल्या बागेच्या वरच्या अंगाला गंजलेले खांब काढत होते. सिद्धेश थोडा खाली होता, नीरजा जांभळाच्या झाडाखाली. डोक्यावरून एकाएकी आवाज आला. खर्र-खक्. पुन्हा. घाईचा, जवळच्या धोक्याचा. साऱ्या फांद्या एकदम हलल्या आणि कळपच्या कळप शेंड्यांना गेला, पोरांसकट.

नीरजाने हात वर केला. सिद्धेश जिथे होता तिथेच, एक पाय उचललेला तसाच, थांबला. काय आहे, असं त्याने विचारलं नाही.

खालच्या दरीतून भेकर भुंकलं. मग ओढ्यापलीकडे दुसरं. शेकरू कर्र करून उठलं, पाठोपाठ रानकोंबडे. हाक उताराला लागली नाही. ती चढत होती. ऐनाच्या राईतून वर, कातळापासून वर, एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी, खिंडीच्या रोखाने. बिबट्या दिसत नव्हता, पण तो कुठे चाललाय हे दोघांना डोळ्यांनी दिसावं तसं कळत होतं. नीरजाने कितीतरी वर्षांत हे ऐकलं नव्हतं. तिला सुख वाटलं, आणि ते पुरतं वाटायच्या आत खिंडीवर आवाज तुटला.

खिंडीपलीकडे हरडखोल होतं. तिथून उत्तर आलं नाही.

"आज त्यांची काजू वेचणी आहे," सिद्धेश म्हणाला. त्याने फोन काढून बाबीला लावला आणि नीरजाला ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला.

"बाबी, तुमच्या दिशेन वाघ येता. माणसांक बाजूक काढ."

"कोण म्हणता?"

"वांदर म्हणतत. भेकरां म्हणतत."

बाबी हसला. "हय सकाळपासून तेच बोंबालतत रे. त्यात नवीन काय?"

त्याच्या मागे हाकारा चालू होता. फोनमधूनही हाका स्पष्ट ऐकू येत होत्या, एकापेक्षा एक हुबेहूब.

सिद्धेशने गाडी खिंडीपर्यंत कशी घातली, ते त्यालाच माहीत. वर पोचल्यावर खाली हरडखोलच्या बागा पसरलेल्या दिसल्या. झाडाझाडाखाली बायका वाकून बोंडं वेचत होत्या, कडेला पोरं खेळत होती, आणि साऱ्या उतारावर कर्णे ओरडत होते. दोघांनी हात हलवले, बोंबा मारल्या. काही जणींनी मान वर करून पाहिलं. मग त्या पुन्हा खाली वाकल्या.

ओरडण्यात अर्थ नव्हता. सिद्धेश डावीकडे उतरला, नीरजा उजवीकडे. पहिल्या झाडाखाली एक वयस्क बाई होती. नीरजाने काही न बोलता तिचं मनगट धरलं. बाई आधी हसली, टोपलीकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. मग तिचं लक्ष आपल्या मनगटावरच्या हाताकडे गेलं. तो हात थरथरत होता, धरूनही थांबत नव्हता. बाईने नीरजाच्या तोंडाकडे पाहिलं, टोपली तिथेच टाकली आणि शेजारच्या झाडाखालच्या बाईचा हात धरायला धावली.